गाडी गेली असन

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात पूर्ण भविष्यकाळाचं पान उघडलं की त्यात हमखास एक गाडी सुटते. आपण स्टेशनावर पोहोचण्याआधी गाडी सुटलेली असेल, म्हणजे ‘द ट्रेन विल हॅव लेफ्ट’. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी हे वाक्य घोकलं. त्यातल्या पुष्कळ मुलांच्या गावात स्टेशन नव्हतं, रूळही नव्हते. त्यांच्यासाठी ते वाक्य पुस्तकातच राहिलं. बल्लारपूरच्या मुलांची गोष्ट वेगळी. वर्धा नदीच्या काठचं हे गाव रेल्वेच्या कागदोपत्री बल्हारशाह म्हणून ओळखलं जातं. दिल्ली-चेन्नई मार्गावरचं हे जंक्शन. मध्य रेल्वेची हद्द संपून दक्षिण मध्य रेल्वेची सुरू होते, ती इथेच. गाड्या रात्रंदिवस येतात-जातात, आणि घरातून उशिरा निघालेल्याला मागून ऐकू येतं, “आता कायले धावतं रे? गाडी गेली असन.”

प्रमाण मराठीत ‘गेली असेल’, चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, ‘गेली असन’. क्रियापदाचं पूर्ण झालेलं रूप आणि त्याच्या पाठीला ‘असणे’चा भविष्यकाळ. इंग्रजीतला ‘विल हॅव गॉन’ जवळपास याच घडणीचा आहे. तरीही हा काळ आपल्या वर्गात परका पाहुणा म्हणून आला आणि दीडशे वर्षं परकाच राहिला. मुलं त्याला घाबरतात, शिक्षक तो शेवटच्या तासाला उरकतात. असं का झालं, हे समजून घ्यायला रोम, यॉर्क, श्रीरामपूर, मुंबई आणि नागपूर असा बराच लांबचा फेरा मारावा लागतो.

लॅटिनमध्ये हा काळ एका शब्दाचा होता. ‘आमावेरो’ एवढं म्हटलं की ‘माझं प्रेम करून झालेलं असेल’ हा सगळा अर्थ त्यात आला. इसवीसनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हॅरो या रोमन पंडिताने क्रियापदांच्या रूपांची मोठी वाटणी केली: क्रिया चालू असलेली एका बाजूला, पुरी झालेली दुसऱ्या बाजूला. आपण आज ‘अपूर्ण’ आणि ‘पूर्ण’ म्हणतो त्याचं युरोपीय मूळ तिथे सापडतं. पुढे युरोपातल्या प्रत्येक भाषेचं व्याकरण लॅटिनच्या साच्यात बसवायची रीत पडली. इंग्रजीत एका शब्दाचा असा काळ नव्हताच. ‘शॅल’, ‘विल’, ‘हॅव’ असे तीन-चार तुकडे जोडून तो उभा करावा लागला. साच्यात खण होता म्हणून त्या जोडणीलाही नाव मिळालं.

हे नाव सर्वदूर नेणारा माणूस म्हणजे लिंडले मरे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जन्मलेला हा क्वेकर वकील पुढे इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला, आणि तिथल्या मुलींच्या शाळेसाठी त्याने १७९५ मध्ये इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्यात त्याने सहा काळ मांडले. शेवटचे दोन ‘पहिला भविष्यकाळ’ आणि ‘दुसरा भविष्यकाळ’. हा ‘दुसरा’ म्हणजे आपला पूर्ण भविष्यकाळ. उदाहरणासाठी त्याने दुपारचं जेवण घेतलं, आणि राजा यायच्या आत कामकाज आटोपणारं पार्लमेंट घेतलं. यॉर्कच्या मुलींना ती उदाहरणं आपल्या घरातली, देशातली वाटली असणार. पण हे पुस्तक इंग्लंडात आणि अमेरिकेत अफाट खपलं, आणि इंग्रजी राज्य जिथे जिथे गेलं तिथे तिथे तेही गेलं. हिंदुस्थानात इंग्रजी शिकू लागलेल्या पहिल्या पिढीच्या हातात मरे होता.

ही पिढी येण्याआधीच, १८०५ मध्ये, विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण बंगालात श्रीरामपूरला छापलं गेलं. इंग्रजांना मराठी यावी म्हणून ते इंग्रजीत लिहिलेलं होतं. कॅरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवत असे, आणि त्याला मराठी सांगणारे पंडित वैजनाथ शर्मा होते नागपूरकडचे. पेशव्यांचं पुणं, मुंबईची पाठशाळा यांच्या कितीतरी पूर्वेला, भोसल्यांच्या मुलखातला एक माणूस इंग्रजाच्या शेजारी बसून मराठी क्रियापदांची रूपं सांगतो आहे, हे चित्र मराठी भाषेच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवं तितकं येत नाही. १८१६ मध्ये श्रीरामपूरहून निघालेल्या मराठी पुस्तकांत ‘रघुजी भोसल्यांची वंशावळी’ही आहे. चांदा तेव्हा याच भोसल्यांच्या ताब्यात होतं. मराठीचे काळ इंग्रजी चौकटीत मोजायला सुरुवात झाली ती विदर्भाच्या माणसाच्या तोंडून.

मग १८३६ साल उजाडलं. मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर या बावीस वर्षांच्या तरुणाने ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केलं. मराठी माणसाने मराठीत लिहिलेल्या पहिल्या व्याकरणांतलं हे सर्वांत वजनदार. पुढे त्यांना मराठीचे पाणिनी म्हटलं गेलं, पण त्यांच्यासमोर नमुना म्हणून मुख्यतः होता लिंडले मरे. हा फरक मोठा आहे. पाणिनीच्या दहा लकारांत भविष्यासाठी दोन होते: लुट् आणि लृट्. पण ते ‘झालेलं असेल’ आणि ‘होईल’ असं वेगळं काढत नाहीत. लुट् हा आजच्या दिवसात न मोडणाऱ्या भविष्यासाठी, लृट् सर्वसाधारण भविष्यासाठी. पाणिनीची नजर दिवसाच्या सीमेवर, मरेची क्रियेच्या पूर्णतेवर. इंग्रजी शाळेत शिकलेल्या दादोबांच्या पिढीला पूर्णतेची वाटणी जवळची वाटली, आणि मराठीला ती साजलीही, कारण ‘गेला आहे, गेला होता, गेला असेल’ ही मालिका लोकांच्या बोलण्यात आधीपासून होती. नवं होतं ते तिचं कोष्टक.

साजली, पण सगळीकडे नाही. इंग्रजीत ‘आय विल हॅव ईटन’ म्हटलं की कर्ता ‘मी’, आणि सगळं वाक्य त्याच्याभोवती फिरतं. मराठीत सकर्मक क्रियापद पूर्ण झालं की सूत्रं कर्माच्या हाती जातात. मी आंबा खाल्ला असेल, पोळी खाल्ली असेल, आंबे खाल्ले असतील. आंब्याचं लिंग, पोळीचं लिंग, आंब्यांची संख्या यांवर क्रियापद बदलतं; ‘मी’ बाजूला उभा. पण इंग्रजीच्या कोष्टकात ‘मी’ची ओळ असते, म्हणून काही शालेय पुस्तकांनी ‘मी आंबा खाल्ला असेन’ असं रूप छापलं. तेव्हापासून या एका आंब्यावरून स्पर्धा परीक्षांच्या वर्गांत वाद होत आलेले आहेत. दोष विद्यार्थ्याचा नाही. एका भाषेचं कोष्टक दुसऱ्या भाषेवर अंथरलं की कुठेतरी चुणी पडते, तशी ती इथे पडली.

ही चुणी ज्यांना दिसली त्यांत कृष्णशास्त्री चिपळूणकर होते, आणि सर्वांत बारकाईने पाहणारे मोरो केशव दामले. कवी केशवसुतांचे हे भाऊ नागपूरच्या नील सिटी हायस्कुलात शिक्षक होते. १९११ मध्ये त्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आलं. इंग्रजी आणि संस्कृत दोन्ही व्याकरणं शेजारी ठेवून, मराठी स्वतः काय करते ते तपासत जाणारा हा प्रचंड ग्रंथ आहे. रूपावरून काळ ठरवायचा की अर्थावरून, हा त्यांना पडलेला प्रश्न आजही जिवंत आहे. कॅरीचे पंडित नागपूरकडचे आणि दामले नागपूरच्या शाळेत शिकवणारे. मराठी व्याकरणाच्या पहिल्या शतकाची दोन्ही टोकं विदर्भाला बांधलेली आहेत. पुण्या-मुंबईतच व्याकरण घडलं असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मराठी मुलाला मात्र पूर्ण भविष्यकाळ भेटला तो दामल्यांकडून नव्हे, तर दुसऱ्या एका तर्खडकरांकडून. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांची ‘भाषांतर पाठमाला’ तीन भागांची. तिची रीत ठरलेली: आधी शब्द आणि त्यांचे अर्थ, मग मराठीत समजावलेला नियम, मग इंग्रजी वाक्यं मराठीत करायची आणि मराठी वाक्यं इंग्रजीत. गुरुजी नसले तरी चालेल अशी ही बांधणी होती. लहान गावात, जिथे इंग्रजी जाणणारा माणूस कोसभर शोधून मिळत नसे, तिथे हे पुस्तकच मास्तर होतं. सुभेदार रामजी सकपाळांनी धाकट्या भीमरावाकडून ही पाठमाला पाठ करून घेतली होती, असं बाबासाहेबांचे चरित्रकार सांगतात. १९५६ च्या १६ ऑक्टोबरला, नागपूरच्या दीक्षा समारंभानंतर दोनच दिवसांनी, बाबासाहेब चांद्याला आले आणि तिथे त्यांनी लोकांना धम्मदीक्षा दिली. त्या मैदानात जमलेल्यांतल्या अनेकांच्या घरात पुढच्या पिढीत पहिल्यांदा पाटी-पुस्तक आलं आणि पहिल्यांदा इंग्रजी आली. या जिल्ह्यात इंग्रजी शिकण्यामागे जी आस आहे तिचा मोठा झरा तिथून निघतो.

तर्खडकरांची रीत आज जुनाट ठरवली जाते. भाषांतरातून भाषा शिकू नये, थेट भाषेतच शिकावी, असं शिक्षणशास्त्र म्हणतं. पण तर्खडकरांनी एक गोष्ट केली होती जी नंतरच्या पुस्तकांनी सोडून दिली: इंग्रजी वाक्याशेजारी मराठी वाक्य ठेवलं. दोन्ही डोळ्यांसमोर आली की कुठे जुळतं आणि कुठे नाही, हे मुलाला आपोआप दिसतं. ही सोय गेली आणि तिच्या जागी कोष्टक आलं.

कोष्टक आलं ते जे. सी. नेसफील्डच्या पुस्तकांतून. उत्तर हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात वरिष्ठ पदावर काम केलेल्या नेसफील्डने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तीन काळ आणि प्रत्येकाची चार रूपं अशी बारा खणांची मांडणी हिंदुस्थानभर रुळवली. मरेचा ‘दुसरा भविष्यकाळ’ आता ‘फ्यूचर परफेक्ट’ झाला. १९३० च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक निघालं. त्यातला रेन म्हणजे ‘बो जेस्ट’ ही गाजलेली कादंबरी लिहिणारा पी. सी. रेन, तो मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता आणि कराचीला हेडमास्तर होता. आजही जिल्ह्याच्या ठिकाणच्या कुठल्याही पुस्तकांच्या दुकानात लाल मुखपृष्ठाचं ते जाडजूड पुस्तक मिळतं. बारा खण, प्रत्येक खणात एक सूत्र: कर्ता, मग ‘विल हॅव’, मग क्रियापदाचं तिसरं रूप. हे सूत्र म्हणून चोख आहे. पण ते केव्हा वापरायचं, कोण कोणाला म्हणतं, हे खणात मावत नाही.

आणि तिथेच बल्लारपूर उपयोगी पडतं. कारण या गावाचं अर्वाचीन आयुष्य ज्यांवर उभं राहिलं त्या सगळ्या धंद्यांना हा काळ रोज लागतो.

गाव मुळात गोंड राजांची राजधानी. नदीकाठचा किल्ला खांडक्या बल्लाळशहाच्या नावाशी जोडलेला आहे. राजधानी पुढे चांद्याला गेली आणि बल्लारपूर मागे पडलं. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. चांदा त्यांच्या हाती आलं, १८६१ पासून मध्य प्रांतात मोडू लागलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बल्लारपूरची कोळसा खाण सुरू झाली, रूळ आले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस काझीपेठकडची लाइन जोडली गेली आणि उत्तर-दक्षिण सलग वाट झाली. १९२९ मध्ये ग्रँड ट्रंक एक्सप्रेस तिच्यावरून धावू लागली, तेव्हा ती थेट पेशावर ते मंगळूर जात असे. १९४५ मध्ये पेपर मिलची कंपनी स्थापन झाली, आणि चांद्याच्या जंगलातला बांबू लिहिण्या-छापण्याचा कागद होऊन देशभर जाऊ लागला.

खाण, रेल्वे, गिरणी आणि जंगल या चारही ठिकाणी घड्याळ आणि पंचांग पुढचं बघून चालतं. रातपाळी सुटली असेल तेव्हा पुढची पाळी दारात हवी. मालगाडी अमुक स्टेशनावरून निघालेली असेल तोवर पुढचा मार्ग मोकळा हवा. पण सर्वांत स्पष्ट उदाहरण जंगलाचं. इंग्रजी अमलात वन खात्याने प्रत्येक जंगलासाठी कार्य आयोजना लिहायची पद्धत घातली. जंगलाचे भाग पाडायचे, प्रत्येक भागाला म्हणायचं कूप. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावागावांत हा शब्द माणसं रोज वापरतात: कूप कटाई, कुपावर जाणं, कुपाची लाइन मारणं. कोणत्या वर्षी कोणतं कूप तोडायचं याचा आराखडा कित्येक वर्षं पुढचा. शेवटचं कूप तोडायची पाळी येईल तोवर पहिल्या कुपात नवं सागवान वाढलेलं असेल, या हिशोबावर ती सगळी आयोजना उभी आहे. पूर्ण भविष्यकाळ हवा असेल तर वन खात्याच्या आयोजनेइतका मोठा नमुना शाळेच्या पुस्तकात मिळणार नाही. सागवानाचं एक झाड लावणाऱ्या माणसाला हा काळ व्याकरणातून शिकावा लागत नाही.

आता क्रियापदांकडे. सूत्रात ‘तिसरं रूप’ असं म्हटलं की मुलांच्या तोंडावर पाठांतर येतं: गो, वेन्ट, गॉन, कम, केम, कम, ईट, एट, ईटन, टेक, टुक, टेकन. ‘गो’चं ‘वेन्ट’ कसं होतं, असं एखादी चौकस मुलगी विचारते, आणि ‘इंग्रजीला नियमच नाहीत’ हे उत्तर तिला मिळतं. खरं कारण ऐकण्यासारखं आहे. ‘वेन्ट’ हे मुळात ‘गो’चं रूपच नव्हे. ‘वेन्ड’ म्हणजे वळणे, वाटेने जाणे, या दुसऱ्याच क्रियापदाचं ते रूप. ते ‘गो’च्या घरात येऊन राहिलं.

आणि मराठीत? जाणे, पण गेला. ‘जा’ आला संस्कृत ‘या’ धातूपासून, ‘याति’मधून; ‘गेला’ आला ‘गम्’पासून, ‘गत’मधून. म्हणजे आपल्याही घरात दोन धातू एकाच नावाने नांदतात. होणे, पण झाला: एक ‘भू’चा, दुसरा ‘जात’चा. येणे, पण आला, तो ‘आगत’चा. करणे-केला, मरणे-मेला, खाणे-खाल्ला, घेणे-घेतला, मागणे-मागितला. उलट बसणे-बसला, पडणे-पडला, धावणे-धावला हे सरळमार्गी. दोन्ही भाषांत वाकडी रूपं सापडतात ती रोजच्या वापरातल्या क्रियापदांत, कारण जे शब्द दिवसातून शंभरदा तोंडात येतात ते पिढ्या सहज लक्षात ठेवतात. क्वचित लागणारे शब्द विसरले जातात आणि मग नियमात बसवले जातात. मराठी मूल तिसऱ्या वर्षी ‘गेला’ बिनचूक म्हणतं. त्याआधी ‘जाला’ म्हणून बघतं, आई हसते, दुरुस्त होतं. याच मुलाला दहा वर्षांनी ‘गॉन’ची भीती वाटावी याला काही कारण नाही. फक्त त्याला कोणी दाखवायला हवं की तुझ्या भाषेतही हेच आहे.

जिथे खरी अडचण आहे तिथे मात्र पुस्तकं थांबत नाहीत. ती अडचण ‘पर्यंत’ या शब्दात आहे. ‘मी पाच वाजेपर्यंत थांबेन’ आणि ‘मी पाच वाजेपर्यंत येईन’ ही दोन वाक्यं मराठीत एकाच ‘पर्यंत’वर चालतात. इंग्रजीत पहिल्याला ‘टिल’ लागतं, दुसऱ्याला ‘बाय’. पहिल्यात क्रिया पाचपर्यंत पसरलेली, दुसऱ्यात पाचच्या आत कधीतरी होऊन गेलेली. पूर्ण भविष्यकाळाचा सगळा भार या ‘बाय’वर असतो. म्हणून मराठी माणूस ‘आय विल कम टिल फाइव्ह’ म्हणतो आणि इंग्रजी ऐकणारा बुचकळ्यात पडतो. विदर्भात, कोकणात, पुण्यात, सगळीकडे हीच चूक होते, कारण ती मराठीच्या पोटातून येते. दुसरी अडचणही इथलीच. ‘तू येईपर्यंत माझं जेवण झालेलं असेल’ यातलं ‘येईपर्यंत’ आपल्याला भविष्याचं वाटतं, म्हणून मूल इंग्रजीत तिथेही ‘विल’ घालतं; इंग्रजी तिथे साधा वर्तमानकाळ मागते, ‘बाय द टाइम यू कम’. आणि याच वाक्यात मराठीची खरी सवयही दिसते. ‘मी जेवलेलो असेन’पेक्षा ‘माझं जेवण झालेलं असेल’, ‘मी पत्र लिहिलेलं असेल’पेक्षा ‘माझं पत्र लिहून झालेलं असेल’. मराठी माणूस कर्त्याऐवजी कामाकडे बघून पूर्णता सांगतो. भाषांतर करताना हे ‘लिहून झालेलं’ सुचलं की अर्धी लढाई जिंकली.

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट वर्गाबाहेर राहिली, आणि ती फार महत्त्वाची आहे. शाळेत शिकवतात की ‘विल हॅव’ म्हणजे भविष्यात अमुक वेळेच्या आत पूर्ण होणारी क्रिया. इंग्रजी बोलणारी माणसं मात्र हे रूप रोज आणखी एका कामासाठी वापरतात: अंदाजासाठी. मुलगा सकाळी निघाला, आता दुपार झाली, तर आई म्हणते, ‘ही विल हॅव रीच्ड बाय नाउ’. एव्हाना पोहोचला असेल. यात भविष्य कुठेच नाही. क्रिया झाली तर झालीच आहे, फक्त बघितलेली नाही. ‘एव्हाना’ म्हणजे हुबेहूब ‘बाय नाउ’. बल्लारपूरच्या घरातून येणारं ‘गेली असन’ हे अगदी हेच वाक्य आहे.

बल्लारपूरला हे आणखी ठळक होतं, कारण इथे एकच भाषा नाही. खाणीत, रेल्वेत, पेपर मिलमध्ये कामाला आलेल्यांत तेलुगू बोलणारे पुष्कळ, हिंदी बोलणारेही पुष्कळ. गोंडी तर या मातीतली. हिंदीत म्हणतात ‘गया होगा’. तेलुगूत ‘वेळ्ळि उंटाडु’, म्हणजे ‘जाऊन असेल’. तेलुगू द्रविड कुळातली, मराठी आणि हिंदी आर्य कुळातल्या, तरी तिन्ही भाषा पुरी झालेली क्रिया घेतात, तिला ‘असणे’चं भविष्य लावतात, आणि त्याच एका रूपातून अंदाजही सांगतात आणि उद्याचा हिशोबही. कोणता अर्थ घ्यायचा ते ‘एव्हाना’ की ‘उद्या या वेळेपर्यंत’ यावर ठरतं. इंग्रजीही तसंच करते, फक्त ‘असणे’च्या जागी ‘हॅव’ घालून.

‘असन’मधल्या त्या ‘न’लाही इतिहास आहे. जॉर्ज ग्रिअरसनच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये निघाला. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक बोलीत सांगवून घेऊन तिची तुलना करायची, अशी त्याची पद्धत. त्यात वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने आहेत. प्रमाण मराठीत ‘मी येईन’ आणि ‘तो येईल’. पूर्वेकडच्या बोलीत ‘तो येईन’, ‘तो असन’ असंही ऐकू येतं. पहिल्या पुरुषाचा ‘न’ तिसऱ्या पुरुषातही. शाळेत याला अशुद्ध म्हणून लाल शाईने खोडलं गेलं. पण आजच्या इंग्रजीने नेमकं हेच केलं आहे. जॉन वॉलिस या गणितज्ञाने १६५३ मध्ये लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात ‘मी’ असेल तर ‘शॅल’, ‘तो’ असेल तर ‘विल’ असा नियम मांडला, आणि तीन शतकं शाळांनी तो पाळला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या वह्यांत ‘आय शॅल हॅव गॉन’ दिसतं ते म्हणून. लोकांनी बोलताना तो भेद हळूहळू सोडला, सगळ्यांना एकच ‘विल’ आला. लंडनमध्ये असं झालं की ती भाषेची वाढ, आणि चांद्यात झालं की ती चूक, ही मोजणी बदलायला हवी. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी पूर्वेकडच्या या झाडीबोलीचा अभ्यास करण्यात आयुष्य घातलं, म्हणून या बोलीला निदान तिच्याच मुलखात मान मिळू लागला. ते काम शाळेच्या इंग्रजीच्या तासापर्यंत पोहोचायचं आहे.

बल्लारपूरच्या शाळांनी राज्यं बदलताना पाहिली. १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत हा भाग मध्य प्रदेशात, मग द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि पाठ्यपुस्तकं एकसारखी झाली. २००० मध्ये शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी पहिलीपासून इंग्रजी आणली.  मुलांना इंग्रजी चार-पाच वर्षं आधी भेटू लागली, पण पूर्ण भविष्यकाळ तसाच कोष्टकातून येत राहिला.

आता या काळाशी सर्वांत जास्त झगडतात ती अभ्यासिकांत बसणारी पोरं. वनरक्षक भरतीच्या परीक्षेत मराठी आणि इंग्रजी, दोन्हींचे प्रश्न असतात. म्हणून एकाच टेबलावर मो. रा. वाळंबे यांचं ‘सुगम मराठी व्याकरण लेखन’ आणि शेजारी इंग्रजीचं गाइड. वाळंब्यांच्या पुस्तकात साधा, अपूर्ण, पूर्ण, रीती. गाइडात इंडेफिनिट, कन्टिन्यूअस, परफेक्ट, परफेक्ट कन्टिन्यूअस. ही दोन कोष्टकं एकमेकांची नातेवाईक आहेत, यॉर्क आणि मुंबईमार्गे एकाच घरातून निघालेली आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. दोन वेगळे विषय म्हणून ती दोनदा पाठ करतात.

ज्या वर्गात मराठी, हिंदी, तेलुगू आणि गोंडी घरांतली मुलं एका बाकावर बसतात, तिथे हे नातं दाखवणं सोपं आहे. बाबा खाणीतून निघाले असतील, हे एक वाक्य प्रत्येकाने आपापल्या घरच्या भाषेत सांगायचं. फळ्यावर चार ओळी येतील. पाचवी ओळ इंग्रजीची, ‘बाय नाउ’ लावून. मग तेच वाक्य ‘बाय सिक्स टुमॉरो’ लावून पुन्हा लिहायचं आणि काय बदललं ते मुलांनीच शोधायचं. ‘टिल’ आणि ‘बाय’चा घोळ त्याच तासाला सोडवून घ्यायचा, कारण तो ‘पर्यंत’मधून येतो हे त्यांना तेव्हाच पटेल. तिसऱ्या रूपांचं पाठांतर त्यानंतर. ‘जा-गेला’ आणि ‘गो-गॉन’ शेजारी शेजारी लिहून.